संज्ञा मावळते, वेदना उरते



गेल्या वर्षावासात एका उपासकाच्या घरी वंदनेसाठी जाण्याचा योग आला. त्या कुटुंबाने तीन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली होती. घर लहान, पण स्वच्छ. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा. पांढरी वस्त्रे परिधान करून सगळे बसले होते. त्रिसरण-पंचशील झाले, वंदना सुरू झाली. इतक्यात कोपऱ्यात बसलेली ऐंशीच्या घरातील वृद्ध माता एकाएकी उठली, पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाली, "मरीआईचा गाडा आला की दारात! अजून निवद कसा नाही केला?"

मुलाचा चेहरा शरमेने काळवंडला. पाहुण्यांदेखत तो आईवर ओरडला, "माय, किती वेळा सांगू तुला? आपण बौद्ध झालो! ते सगळं सोडलं आपण!" म्हातारी घाबरून मटकन खाली बसली.

अर्ध्या तासाने मी तिच्याजवळ जाऊन बसलो. गाडा, निवद, मुलाचे ओरडणे, यांतले तिला काहीएक आठवत नव्हते. पण डोळे भरलेले होते. माझा हात धरून ती हळूच म्हणाली, "बाबा, माझं काही चुकलं का रं?"

तिचे काही चुकले होते काय? या प्रश्नाचे उत्तर आपण आज धम्माच्या प्रकाशात शोधू.

आपल्याकडे म्हण आहे, साठी बुद्धी नाठी. या म्हणीने म्हाताऱ्या माणसांवर फार अन्याय केला आहे. वय वाढले की नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा कोठे ठेवला ते सुचत नाही, हे खरे. पण रोजचा रस्ता चुकणे, जेवण झाल्यावर घटकेने पुन्हा जेवायला मागणे, पोटच्या मुलाला न ओळखणे हा केवळ वयाचा गुण नव्हे. तो मेंदूचा रोग आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन जर्मनीतील डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. या रोगात मेंदूतील पेशी हळूहळू मरत जातात. अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि बालपणीच्या पुष्कळ काळ टिकतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीची दीक्षा त्या मातेच्या मनातून पुसली गेली आणि सत्तर वर्षांपूर्वीचा मरीआईचा गाडा तेवढा उरला. यात करणी नाही, भूतबाधा नाही, कोणा देवीचा कोपही नाही. ज्यांनी देवऋषी आणि भगत यांचा उंबरठा सोडला, त्यांनी आईच्या आजारपणात तो पुन्हा चढू नये. तिला डॉक्टरकडे न्यावे. कधी कधी जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेने, थायरॉइडच्या विकाराने किंवा मनाच्या खोल उदासीनेही असाच विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. तथागतांनी माणसाचे पाच स्कंध सांगितले: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. धम्मात मात्र वेदना म्हणजे सुखाचा, दुःखाचा किंवा दोन्ही नसण्याचा अनुभव. संज्ञा म्हणजे ओळखणे: हा माझा मुलगा, हे माझे घर. तथागतांनी वेदना आणि संज्ञा यांचा वेगवेगळा निर्देश केला, हे नीट ध्यानात घ्या. त्या मातेची संज्ञा मावळत चालली आहे. तिची वेदना मावळलेली नाही.

विज्ञानही याला दुजोरा देते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि तितक्याच निरोगी माणसांना त्यांनी चित्रपटांतील दुःखाचे आणि आनंदाचे प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात रुग्ण पाहिलेले बरेचसे विसरले. पण त्या प्रसंगांनी मनात उठलेले दुःख आणि आनंद पुढे अर्ध्या तासापर्यंत टिकून राहिले. एवढेच नव्हे, ज्याला कमी आठवत होते त्याचे दुःख अधिक काळ रेंगाळले. का बरे? मी तर असे समजतो की, आपल्याला दुःखाचे कारण आठवते म्हणून आपण मनाची समजूत घालू शकतो. ज्याला कारणच आठवत नाही, तो समजूत कशाची घालणार? त्या मातेचे डोळे का भरले होते, ते आता आपल्याला कळते. मुलाचे शब्द तिच्या मनातून गेले होते, पण त्या शब्दांचा घाव गेला नव्हता.

आता तुमच्या मनातील खऱ्या प्रश्नाकडे येतो. पुष्कळ उपासक विचारतात, "आमची आई जुन्या देवांची नावे घेते. मग बावीस प्रतिज्ञांचा भंग झाला नाही काय? आमच्या घराला बौद्ध म्हणावे काय?" या प्रश्नाचे उत्तर विनयपिटकात अडीच हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. संघात गग्ग नावाचा एक भिक्खू होता. त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले. त्याला उपोसथ कधी आठवे, कधी आठवत नसे. त्या अवस्थेत भिक्खूला न शोभणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्याच्या हातून घडल्या. पुढे तो बरा झाला, तरी इतर भिक्खू त्याला त्या गोष्टींवरून टोचून बोलत राहिले. तेव्हा तथागतांनी त्याला दोषमुक्त ठरविण्याचा नियम घालून दिला. त्याला अमूढविनय म्हणतात. तथागतांच्या शिकवणुकीत चेतना हेच कर्म आहे. जेथे चेतना जागेवर नाही, तेथे दोष नाही. संघाने गग्गाला आपल्यातून तोडले नाही. मग आपण आपल्या जन्मदात्रीला का तोडावे?

म्हणून त्या मातेला मी सांगितले, "माय, तुझं काही चुकलं नाही." हे मी केवळ तिचे मन राखण्यासाठी म्हटले नाही. धम्माचा निर्णयच तसा आहे.

मग तिच्यासाठी मरीआई पुन्हा घरात आणावयाची काय? मुळीच नाही. ज्यांची चेतना जागी आहे त्यांनी आपल्या प्रतिज्ञा पाळल्याच पाहिजेत. आईशी खोटे बोलण्याचीही गरज नाही. ती निवद मागेल तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. तिला विचारा, "माय, भूक लागली का? चल, भाकर खाऊ." तिला विचारा, "लहानपणी जत्रेत काय काय मिळायचं?" तिला जात्यावरच्या ओव्या आठवत असतील तर त्या गाऊ द्या, कारण शब्द हरवले तरी गाणे पुष्कळ दिवस सोबत राहते. एकच प्रश्न तिने दहा वेळा विचारला तर दहाव्या वेळीही पहिल्यासारखेच उत्तर द्या. तिच्या दृष्टीने तो पहिलाच प्रश्न असतो. आनंदाने हा रोग बरा होईल असे आश्वासन मी देत नाही. पण गेलेली संज्ञा परत आणणे आपल्या हाती नाही. उरलेली वेदना सुखाची करणे मात्र आपल्या हाती आहे.

ही सेवा कोणी करावयाची? बहुतेक घरी तो भार एकट्या सुनेवर पडतो. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात असे चालणार नाही. अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या भिक्खूची कथा तुम्ही ऐकली असेल. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. जो रुग्णाची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. तथागतांचे हात ज्या कामाने मळले, त्या कामाची लाज मुलाने का धरावी? आईला न्हाऊ घालणे, तिची लुगडी धुणे, रात्री तिच्यापाशी जागणे यांत मुलाचा आणि नातवाचाही वाटा असला पाहिजे.

शेवटी उद्याचा विचार. "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा रोग लांबणीवर पडू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, बहिरेपण, अंधुक दृष्टी, उदासी आणि एकाकीपणा आहे. आणि त्यांतच बालपणी शिक्षण न मिळणे हेही आहे. बंधूंनो, यावर थोडे थांबून विचार करा. ज्या समाजव्यवस्थेने आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती पाटी येऊ दिली नाही, तिने त्यांच्या म्हातारपणाच्या आठवणींवरही घाला घातला. बाबासाहेबांनी "शिका" म्हटले त्याचा हाही एक अर्थ आहे. मुलींना शिकवा. सुरामेरयाचा त्याग करा, कारण पाचवे शील मेंदूचेही रक्षण करते. म्हाताऱ्यांना कानाचे यंत्र आणि डोळ्यांचा चष्मा मिळवून द्या. पौर्णिमेला विहारात येताना त्यांना घरी कोंडून ठेवू नका, हात धरून सोबत आणा.

निघताना तो मुलगा मला दारापर्यंत पोचवावयास आला. म्हणाला, "चुकलं माझं. पण आता तिला सांगून तरी काय उपयोग? ती विसरून जाईल." मी म्हटले, "शब्द विसरेल. तू जवळ बसलास, हे तिच्या मनात उरेल." तो मागे फिरला. मी चपला घालीत असता आतून त्याचा आवाज ऐकू आला, "माय, भाकर खातीस का? चल, मी भरवतो."

बंधू-भगिनींनो, या पौर्णिमेची वंदना आपणही आपल्या वृद्ध आईवडिलांच्या शेजारी बसून करावी. त्यांनी मध्येच काही वेगळे म्हटले तर त्यांचा हात हाती घ्यावा आणि वंदना पुढे चालू ठेवावी.

नमो बुद्धाय! जयभीम!