सुटण्याचा हक्क

मामा : तूच सांगितलंस ना, सिगारेटची ओढ आणि उदासी दोन्ही वारशानं येतात? मग मला बोल कशाला लावता?

भाची : बोल लावत नाही, मामा. 1993 मध्ये अमेरिकेत केनेथ केंडलर यांनी व्हर्जिनियातल्या 1,566 जुळ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण पाहता सिगारेट ओढणाऱ्यांत नैराश्य जास्त होतं. पण एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकच ओढणारी असली, तर तो फरक जवळजवळ उरतच नव्हता. म्हणजे दोन्हींचं मूळ बहुधा एकाच वारशात.

मामा : झालं तर! सोडली काय, ओढली काय, मनाला सारखंच.

भाची : ही उडी फार लांबची आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनीही 1950 च्या दशकात म्हटलं होतं की, सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांच्यामागे एकच आनुवंशिक कारण असू शकेल. कर्करोगाबाबत ते चुकले. मूळ एक असलं तरी एका दुखण्यानं दुसरं वाढू शकतं. आणि सिगारेट पेटवलीच नाही, तर निकोटिनची ओढ वाढवणारं जनुक काय करणार?

मामा : पण सकाळची पहिली ओढली की जीव थाऱ्यावर येतो, ते खोटं?

भाची : खरं आहे. पण रात्रभर निकोटिन मिळालेलं नसतं. चिडचिड, बेचैनी, उदास वाटणं ही त्याचीच तगमग, आणि तुला ती आजारासारखीच भासते. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात, सोडलेल्यांचं नैराश्य आणि चिंता न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेली दिसली. मानसिक आजार असलेल्यांतही.

मामा : आणि सोडताना मी पुन्हा खोल गेलो तर? ती रात्र तू पाहिलेली नाहीस.

भाची : नाही पाहिली. ती भीती मी हलकी मानणार नाही, आणि मनाच्या जोरावर सोड असंही म्हणणार नाही. पण ‘बिचाऱ्याला तेवढाच आधार’ म्हणून उदास माणसाच्या हाती सिगारेट राहू देणं, ही दया मला सगळ्यात निर्दय वाटते. मधुमेह वारशानं आला म्हणून आपण कुणाला उपचाराविना ठेवत नाही. सोडायला मदत करणारी औषधं आहेत. त्यातलं ब्युप्रोपिऑन तर नैराश्यावरही देतात.

मामा : म्हणजे दोष माझा नाही, पण काम माझं?

भाची : एकट्या तुझं नाही. डॉक्टरांचं आणि आमचंही. फक्त तारीख ठरवण्याआधी तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांना सांग. सिगारेट सुटली की काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, मात्रा बदलावी लागते. आणि तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : 1800-11-2356.