पंचाची चूक कोणाच्या माथी?

बेसबॉलमध्ये पंचाची चूक हाही खेळाचाच एक भाग आहे, असे अमेरिकेतले परंपराप्रेमी रसिक वर्षानुवर्षे सांगत आले. मला हे कधीच पटलेले नाही. चुकीची किंमत ज्याला मोजावी लागत नाही, त्यालाच ती खेळाचा भाग वाटू शकते.

२ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गालारागा या व्हेनेझुएलाच्या पिचरने क्लीव्हलंडचे सलग २६ फलंदाज बाद केले होते. एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नव्हते. २७वा बाद झाला की ‘परफेक्ट गेम’! मेजर लीगमध्ये १८८० पासून तोवर वीसच वेळा घडलेला पराक्रम. सत्ताविसाव्याने टोलवलेला चेंडू मिगेल काब्रेराने अडवून पहिल्या बेसवर धावलेल्या गालारागाकडे फेकला. धावणारा चांगलाच मागे होता. पंच जिम जॉयस यांनी मात्र ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिले.

जॉयस अनुभवी पंच होते. पहिल्या बेसवर पंच डोळ्यांनी पायाकडे बघतो आणि चेंडू हातमोज्यात शिरल्याचा आवाज कानांनी टिपतो. हजारोंच्या गोंगाटात हे किती अवघड! सामन्यानंतर चित्रफीत पाहून ते रडले, त्यांनी गालारागाची माफी मागितली. त्यानेही मोठ्या मनाने ती स्वीकारली. दोघांचा मोठेपणा खराच, पण तो दाखवण्याची वेळच का यावी? पुनर्दृश्याची सोय २००८ पासून होती, पण फक्त होमरनपुरती. लीगचे कमिशनर बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. बेसवरच्या निर्णयांना आव्हान देण्याची मुभा २०१४ साली मिळाली. आता न्यूयॉर्कमधले पंच पडद्यावर पाहून फैसला देतात.

क्रिकेटने हे १९९२ मध्येच केले होते. डर्बनला तिसऱ्या पंचाने बाद दिलेला पहिला फलंदाज आपला सचिनच.

पण कॅमेऱ्याची भूक आवरावीही लागते. घसरत बेसवर पोहोचलेल्या धावपटूचा पाय क्षणभर, बोटभर उचलला जातो, क्षेत्ररक्षक हातमोजा टेकवूनच असतो आणि संथ चित्रात तो बाद ठरतो. नियमाने बरोबर, पण मैदानावर कोणालाच न दिसलेली ही फट शोधण्यासाठी पुनर्दृश्य आणलेले नव्हते. पंचाची उघड चूक दुरुस्त करणे हेच त्याचे काम. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आव्हान जरूर असावे, पण चित्रफीत नेहमीच्याच वेगाने दाखवावी, आणि त्या वेगात चूक दिसली नाही तर मैदानावरच्या पंचाचाच शब्द अखेरचा मानावा.