न पेटवलेले लाकूड

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटावर, आग्नेय दिशेला समुद्रात शिरलेले सानिच नावाचे द्वीपकल्प आहे. युरोपीय माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून राहणारे सानिच लोक आर्ब्युटस या झाडाचे लाकूड चुलीत घालत नाहीत. कारण विचारले तर ते एक कथा सांगतात. फार पूर्वी समुद्र चढत चढत वस्तीवर आला. लोक होड्यांत बसले, सीडरचा लांब दोर त्यांनी सोबत घेतला आणि डोंगरमाथ्यावरच्या एका आर्ब्युटसला होड्या बांधल्या. पाणी ओसरेपर्यंत त्या झाडाने त्यांना धरून ठेवले. नकाशावर तो डोंगर माउंट न्यूटन या नावाने दाखवतात. सानिच लोकांच्या लेखी ते आश्रयाचे ठिकाण आहे. ज्याने आपल्याला वाहून जाऊ दिले नाही त्याला आगीत घालायचे नाही, एवढाच हा नियम. पण त्यातून धर्मविचारातला एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याला आपण उपकार करतो आहोत याची जाणीवच नाही, अशा झाडाचे ऋण माणसावर असू शकते का? माझे उत्तर होकाराचे आहे. हे ऋण म्हणजे केवळ काव्यमय भावना नव्हे, ते खऱ्या अर्थाने ऋण आहे आणि एखादी गोष्ट न करण्यातून ते पाळता येते, असे मला वाटते.

आधी हा नियम नेमका कशाचा आहे ते पाहायला हवे, कारण अशा नियमांमागे काहीतरी व्यवहारी शहाणपण दडलेले असणार असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. लाकूड धुरकट असेल, लवकर विझत असेल, म्हणून जाळत नसतील. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेत या झाडाला मॅड्रोन म्हणतात, आणि ओरेगन-कॅलिफोर्नियात मॅड्रोनचे जड, घट्ट लाकूड उत्तम सरपण म्हणून ओळखले जाते. ते बराच वेळ जळते आणि भरपूर आच देते. म्हणजे या नियमाची किंमत मोजावी लागते, तीही ओल्या, थंड हिवाळ्याच्या मुलखात. मग झाडे वाचवण्यासाठी हा नियम असेल का? तेही पटत नाही. वाळून पडलेली फांदी चुलीत घातल्याने कुठलेच झाड मरत नाही, आणि सरपण म्हणून माणूस मुख्यतः वाळलेलेच लाकूड वेचतो. झाड पवित्र आहे, त्याला हातच लावायचा नाही, असाही हा निर्बंध नाही. आर्ब्युटसची साल आणि पाने सानिच लोक औषधात वापरत आले आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ नॅन्सी टर्नर यांनी त्या भागातल्या जाणत्या वृद्धांकडून अशा वापराच्या नोंदी घेतल्या आहेत. आपल्याकडच्या देवराईशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. देवराईतली काटकी घरी न्यायची नाही, कारण ती देवाची आहे आणि देव कोपेल. तिथे मालकी देवाची आहे आणि नियमाला धाक त्याच्या कोपाचा आहे. सानिचांच्या कथेत झाड कुणा देवाच्या मालकीचे नाही आणि ते कोपतही नाही. उपयुक्तता, संवर्धन आणि भीती ही तिन्ही कारणे बाजूला केली की कृतज्ञता उरते, आणि तिच्यावर सर्वांत मोठा आक्षेपही लगेच पुढे येतो.

तो आक्षेप इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने नीट मांडून ठेवला आहे. उपकारांवर त्याने सात भागांचा एक ग्रंथ लिहिला. उपकार हा दिलेल्या वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या इच्छेत असतो, हा त्या ग्रंथाचा कणा आहे. नदी जहाजे वाहून नेते, वारा शिडे फुगवतो, पण म्हणून नदीचे किंवा वाऱ्याचे देणे कुणी लागत नाही. या न्यायाने आर्ब्युटसचेही कुणी देणे लागत नाही. झाड खडकात मुळे रोवून उभे होते ते स्वतःसाठी. कुणीतरी त्याला दोर बांधला, एवढेच घडले. हा युक्तिवाद भक्कम आहे, आणि झाडालाही काही कळत असेल अशी पळवाट काढून त्याला उत्तर देऊ नये. झाडाला हेतू नव्हता हे मी मान्य करतो. पण सेनेकाचे म्हणणे कृतज्ञतेच्या एका प्रकाराला लागू पडते: कुणी मुद्दाम आपल्यासाठी काही केले आणि आपण त्याची परतफेड करायची, या प्रकाराला. ऋण नावाची गोष्ट त्याहून मोठी आहे. वैदिक परंपरेने ती वेगळ्या पायावर उभी केली. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडातल्या सातव्या अध्यायात चार ऋणे सांगितली आहेत, देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे, आणि ती जन्मासोबतच माणसावर येतात. कुणी कधी कोणत्या इच्छेने काय दिले हे तिथे तपासलेले नाही. ज्या ऋषीने मंत्र जपले त्याच्या मनात तीन हजार वर्षांनी जन्मणारा माणूस नव्हता. आपले असणे ज्यांच्यावर टेकलेले आहे त्यांचे आपण ऋणी आहोत, इतका साधा आणि कठोर हा विचार आहे. त्यात ऋण मोजण्याचे माप देणाऱ्याच्या मनात नाही, घेणाऱ्याच्या परावलंबनात आहे.

याच ग्रंथात, लगेच पुढच्या आठव्या अध्यायात, मनूची आणि प्रलयाची कथा येते. मासा मनूची नाव उत्तरेच्या डोंगराकडे ओढत नेतो आणि सांगतो, नाव झाडाला बांध. मनू बांधतो, पाणी उतरते तसा हळूहळू खाली येतो, आणि मानववंश पुन्हा सुरू होतो. महाभारताच्या वनपर्वात ही कथा पुन्हा येते तेव्हा झाडही उरत नाही. नाव हिमालयाच्या शिखराला बांधली जाते आणि त्या शिखराला नौबंधन हे नाव मिळते. मासा पुढे अवतार झाला, शिखराला नाव मिळाले, आणि ब्राह्मणग्रंथातले झाड कुणाच्याच स्मरणात राहिले नाही. ते कोणत्या जातीचे होते हेही ग्रंथ सांगत नाही. नुकतीच चार ऋणे मोजून झालेल्या ग्रंथाला, मानववंश ज्याला बांधलेल्या दोरावर तगला त्या झाडाचे पाचवे ऋण सुचले नाही, याचे मला खरोखर दुःख वाटते. ऋणाचे तत्त्व हाताशी होते, प्रसंगही होता. दोहोंना जोडणारी दृष्टी मात्र सानिच लोकांकडे दिसते.

आता दुसरा आक्षेप, जो मला सेनेकाच्या आक्षेपापेक्षाही अवघड वाटतो. उपकार केला असेल तर एका झाडाने. ते कधीच मरून गेले असणार. आर्ब्युटस काही शतके जगते, युगे नाही. मग आज उभ्या असलेल्या प्रत्येक आर्ब्युटसशी ऋणाचा काय संबंध? एका व्यक्तीचे ऋण साऱ्या जातीवर कसे पसरते? आणि पसरत असेल तर ते कुठे थांबते? आर्ब्युटस हे नाव वनस्पतिशास्त्रात एका संपूर्ण प्रजातीचे आहे. ती ऱ्होडोडेंड्रॉन आणि ब्लूबेरीच्या कुळातली असून तिच्यात साधारण डझनभर जाती आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला मॅड्रोन, त्याच्या दक्षिणेला ॲरिझोना, टेक्सास, मेक्सिकोतल्या त्याच्या बहिणी; अटलांटिक ओलांडला की भूमध्य समुद्राभोवतीची, अगदी आयर्लंडच्या किलार्नीपर्यंत पोचलेली स्ट्रॉबेरी ट्री, ग्रीस-तुर्कस्तानातली तांबड्या सालीची आंद्राख्ने, कॅनरी बेटांवरची आणखी एक. गुळगुळीत सोलपटणारी साल, बारमाही पाने, उलट्या टांगलेल्या घड्यांसारखी पांढरट फुले, खरबरीत तांबडी फळे: पाहणाऱ्याला हे एकच घराणे वाटते. मग पोर्तुगालातल्या शेतकऱ्याने स्ट्रॉबेरी ट्रीची फळे आंबवून मेद्रोन्यु नावाची दारू गाळली आणि त्याच झाडाची फांदी भट्टीत घातली तर ऋण मोडले का? रोमन लोकांनीही या झाडाला धर्मात जागा दिली होती. ओव्हिडच्या फास्तीमध्ये तान्ह्या बाळाला रात्रीच्या रक्तपिपासू पक्ष्यांपासून वाचवण्यासाठी देवी आर्ब्युटसच्या डहाळीने दाराच्या चौकटीला तीनदा स्पर्श करते. पण तिथे झाड हे साधन आहे. कुणी त्याचे देणे लागत नाही.

ऋण वनस्पतिशास्त्रातल्या वंशाच्या वाटेने चालते असे मानले तर फार विचित्र जागी पोचावे लागते. 2001 साली हाइलमन, व्हेझी आणि पार्कर या अभ्यासकांनी या गटाच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला. त्यात भूमध्यसागरी आर्ब्युटस हे अमेरिकन आर्ब्युटसपेक्षा मॅन्झानिटा आणि तिच्या सोयऱ्या झुडपांना अधिक जवळचे निघाले. या मांडणीनुसार, दोन्ही खंडांतल्या आर्ब्युटसना एका खऱ्या वंशात बसवायचे तर मॅन्झानिटाच्या प्रजातीतले किनिकिनिक हे जमिनीलगत पसरणारे झुडूपही त्यात घ्यावे लागते. वायव्य अमेरिकेतल्या अनेक समाजांत याच किनिकिनिकची वाळलेली पाने चिलमीत भरून ओढत. म्हणजे रक्ताच्या नात्याने ऋण वाटत गेलो तर एका उपकारकर्त्याचे नातलग रोज जाळले जात होते असे म्हणण्याची पाळी येते.

यातून मी असा निष्कर्ष काढतो की ऋणाचा वाहक असलेला गट निसर्गाने पाडलेल्या रेषांवर उभा नसतो. इथे न्यायशास्त्रातला एक भेद उपयोगी पडतो. नैयायिक खरी जाती आणि उपाधी वेगळ्या काढतात. गोत्व ही जाती. पण स्वयंपाकी असणे ही जाती नव्हे, ती एका कामामुळे, एका नात्यामुळे लागलेली उपाधी. दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी कोणत्या धर्माला जाती म्हणता येणार नाही याच्या सहा कसोट्या सांगितल्या. त्या भाषेत बोलायचे तर सानिचांचा आर्ब्युटस, म्हणजे या डोंगरांवर खडकाला धरून उभा असलेला, आमच्या पूर्वजांचा दोर ज्याने पेलला त्याच्यासारखा, ही उपाधी आहे. काहींना हे ऋणाचे अवमूल्यन वाटेल. मला उलट वाटते. ऋण हेच मुळात नाते आहे, त्यामुळे नात्याने बनलेला गटच ते वाहू शकतो. पितृऋणाची परतफेड आपण मेलेल्या पितराला करत नाही. ज्यांच्याशी त्याचे नाते पुढे चालू राहते त्यांच्यापाशी करतो. पोर्तुगालातल्या शेतकऱ्याने काहीही मोडलेले नाही, कारण त्याच्या पूर्वजांना त्या टेकडीवर कुणी धरून ठेवले नव्हते. त्याची ऋणे वेगळी असतील, आणि ती त्याने शोधावीत.

कथा खरी कशावरून, हा आक्षेप त्या मानाने थोडक्यात आटोपता येतो. होड्या, दोर, माथ्यावरचे झाड हा तपशील इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही, आणि तसा दावा मी करत नाही. पण ऋणाला लागणारे सत्य वेगळे आहे: हे लोक संकटातून वाचले, ते स्वबळावर वाचले नाहीत, आणि ज्याच्या आधाराने वाचले तो आधार माणूस नव्हता. हे तिन्ही खरे असायला कथेतल्या प्रत्येक गाठीची साक्ष लागत नाही. तरीही या उत्तरात एक फट उरते. कथा संपूर्ण कल्पित असती, झाडांवाचूनच्या प्रदेशातल्या लोकांनी झाडाविषयी रचलेली असती, तर मी हे म्हणू शकलो नसतो.

सगळ्यात कठीण आक्षेप शेवटी घेतो, कारण तो झाडाच्या बाजूने येतो. आर्ब्युटसला आग हवी असते. त्याला ऊन लागते. आग न लागता वर्षे गेली की उंच वाढणारे डग्लस फर त्याच्यावर सावली धरतात आणि ते झुरत जाते. आगीत खोड जळाले तरी बुंध्याशी असलेल्या गाठीतून ते पुन्हा फुटते, आणि त्याची रोपेही मोकळ्या, उघड्या मातीत अधिक चांगली रुजतात. मग ज्याला आग तारते त्याला आगीपासून राखण्यात कसली कृतज्ञता? पण हा आक्षेप सानिचांना लागूच पडत नाही. याच लोकांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी कॅमस नावाच्या कंदाची कुरणे मोकळी राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला ठरवून आग लावली. गॅरी ओक आणि आर्ब्युटस वाढतात ती त्या भागातली उघडी माळराने बरीचशी या आगींनी टिकवली. माळावर लावलेली आग आणि चुलीत घातलेले लाकूड यांत त्यांनी फरक केला, आणि तो फरक बरोबर आहे. माळावरची आग झाडाला त्याच्या जगात ठेवते, त्याची वाढ, त्याचे मरण, त्याचे पुन्हा फुटणे त्याच्याकडेच राहते. चुलीतले लाकूड मात्र पूर्णपणे आपल्या उबेसाठी असते. तिथे झाड केवळ आपल्या कामाची वस्तू होऊन जाते. ज्याला हेतू नाही त्याला धन्यवाद देता येत नाहीत, वचन देता येत नाही, भेट दिली तर ती त्याला कळत नाही. निदान एका बाबतीत तरी त्याला आपल्या उपयोगाची वस्तू न करणे हे मात्र आपल्या हातात असते, आणि या नियमात तेवढेच, पण तेवढे पूर्णपणे केलेले आहे.

वसाहतीच्या काळात ती माळावरची आग बंद पाडली गेली. नव्या राज्यकर्त्यांना ती नासधूस वाटली. डग्लस फर माळांवर चढले, मोकळ्या जागा मिटत गेल्या, आणि अलीकडच्या दशकांत बुरशीच्या रोगांनी आणि कोरड्या उन्हाळ्यांनी आर्ब्युटसच्या फांद्या वाळताना दिसतात. झाडाला राखणारी कृती अडवली गेली. झाडाविषयीचा संयम तेवढा कुणाला हिरावून घेता आला नाही. आज त्या द्वीपकल्पावर घर बांधून राहणाऱ्या इतरांवर, मग ते स्कॉटलंडहून आलेल्यांचे नातू असोत की पुण्याहून गेलेले, सानिचांचे ऋण नाही. कथा त्यांच्या पूर्वजांची नाही आणि ती उचलून आपली म्हणण्याचा त्यांना अधिकारही नाही. पण कोसळून घरावर येईल म्हणून, किंवा समुद्र दिसत नाही म्हणून आर्ब्युटस तोडायला काढणाऱ्याला हा प्रश्न स्वतःपुरता तरी सोडवावा लागेल की त्याचे असणे त्या उतारावर कशावर टेकलेले आहे: मुळांनी धरलेल्या मातीवर, की मालमत्तेच्या कागदावर.