हा श्वास कुणाचा?



आजचं वाचन: कठोपनिषद, दुसरा अध्याय, दुसरी वल्ली, पाचवा मंत्र.

यम नचिकेताला सांगतो आहे, की कुठलाही मर्त्य माणूस प्राणाच्या जोरावर जगत नाही आणि अपानाच्याही नाही. हे दोन्ही ज्याच्या आधाराने चालतात, अशा दुसऱ्याच कुणामुळे तो जगतो. मंत्र छोटा आहे, दोन ओळींचा. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो फार आवडला होता आणि मी त्याचा चुकीचा अर्थ लावला होता. आज त्या चुकीबद्दल लिहायचं आहे.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, मला लहानपणापासून मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू हळूहळू अशक्त होत जातात. आधी जिने गेले, मग खाली बसून उठणं गेलं. या गोष्टी दिसतात, त्यामुळे लोकांना कळतात. श्वासाचे स्नायूही स्नायूच असतात, हे मात्र मलासुद्धा उशिरा कळलं. सकाळी उठल्यावर डोकं जड असायचं, दुपारी मीटिंगमध्ये डुलक्या यायच्या. आठ तास झोपूनही झोप झाल्यासारखी वाटायची नाही. डॉक्टरांनी रात्रीच्या झोपेची तपासणी केली आणि सांगितलं, झोपेत तुझा श्वास पुरत नाही, रोज रात्री बायपॅप लावून झोपायचं.

बायपॅप म्हणजे घरी वापरायचं छोटं व्हेंटिलेटर. नाकावर मास्क, त्याला पाईप, उशाशी डब्याएवढं मशीन. तुम्ही श्वास आत घ्यायला लागलात की ते जास्त दाबाने हवा ढकलतं, सोडायला लागलात की दाब कमी करतं. तुम्ही श्वास घ्यायला विसरलात, तर ठरावीक वेळ थांबून स्वतःच श्वास देतं.

मी नाही म्हटलं. सात महिने नाहीच म्हटलं.

कारण सांगताना मी फार छान शब्द वापरायचे. श्वास ही देवाची देणगी आहे, तिच्यात यंत्र कशाला? माणूस प्राणाने जगतच नाही, असं खुद्द यमराज म्हणतात, मग एवढी धावपळ कशासाठी? मावशी म्हणाली, ‘इतक्या तरुण वयात मशीनची सवय नको गं, अनुलोम-विलोम वाढव.’ मी वाढवलं. मामाकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर पडून असलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, तो आणून रात्री लावायला लागले. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसायचं. मला वाटलं, जिंकलो.

पण ऑक्सिजन आत येणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छाती पुरेशी हललीच नाही तर कार्बन डायऑक्साइड आतच साठतो, आणि नुसता ऑक्सिजन दिल्याने हे लपून राहतं. कधीकधी श्वास आणखी मंदावतो. एका सकाळी आईने हाका मारल्या आणि मी उठलेच नाही. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड ७८ होता. तो ३५ ते ४५ असायला हवा.

शुद्धीवर आले तेव्हा आई कॉटच्या कडेला बसलेली होती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुझा देव आणि तू बोलत होतात, मला कुणी विचारलंच नाही.’

ते वाक्य अजून आहे माझ्याकडे.

मग मशीन घरी आलं. पहिल्या रात्री भयंकर होत्या. मला श्वास सोडायचा असायचा तेव्हा ते हवा ढकलायचं. मास्कच्या कडेने हवा फुसफुसायची, डोळे कोरडे पडायचे, पोटात हवा भरायची. नाकाच्या हाडावर उठलेला लाल वळ सकाळच्या व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दिसायचा. जितकं मी भांडायचे तितकं गुदमरायला व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी भांडण थांबलं. काही साक्षात्कार वगैरे झाला नाही, मी दमले होते एवढंच. पण सकाळी उठले तेव्हा डोकं दुखत नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

तरीही एक प्रश्न राहिला, आणि तो तुम्हाला कदाचित बालिश वाटेल. माझ्या आजीने मला श्वासागणिक नाम घ्यायला शिकवलं होतं. योगग्रंथांत दिवसाचे २१,६०० श्वास मोजले आहेत, म्हणजे मिनिटाला १५. आजी म्हणायची, झोपेतसुद्धा ते चालू राहिलं पाहिजे. आता माझ्या मशीनवर मिनिटाला किमान १४ श्वास लावलेले आहेत. आठ तासांचे झाले ६,७२०. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी मशीनचा रिपोर्ट दाखवला: ६१ टक्के श्वास मी सुरू केलेले, ३९ टक्के मशीनने. म्हणजे रात्रीचे सव्वीसशेहून जास्त श्वास माझे नव्हतेच. त्यांच्यावरचं नाम कुणाचं? मशीनचं? रिक्षात बसून मी खरंच रडले. चालणं गेलं तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं. वाटलं, निदान श्वास तरी माझा होता.

याच वाक्यापाशी मला परत तो मंत्र आठवला, आणि या वेळी तो माझ्या बाजूने बोलत नव्हता.

श्वास माझा होता, हे मला कुणी सांगितलं? तुमच्यापैकी जे धडधाकट आहेत त्यांना विचारते: काल रात्री तुमचे श्वास कुणी घेतले? तुम्ही तर झोपला होतात. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, आणि श्वासाचा भार जवळजवळ एकट्या डायफ्रॅमवर येतो. तुमचा डायफ्रॅम तो भार उचलतो, माझा उचलू शकत नाही. फरक एवढाच आहे. तुमचे रात्रीचे सगळे श्वास कुणीतरी देतं, फक्त त्याचा रिपोर्ट छापून येत नाही.

आणि नामाचं म्हणाल तर नैवेद्याचं ताट आठवा. तांदूळ पिकवला दुसऱ्याने, गॅस आला कुठून तरी, भात शिजवला आईने. मी फक्त ताट देवापुढे ठेवते. हे खरोखर तुझंच आहे का, असं देव कधी विचारत नाही. जे मिळालं तेच आपण अर्पण करतो, दुसरं असतंच काय आपल्याकडे? मग मिळालेला श्वास का चालणार नाही?

इथे मी थांबले असते तर पोस्ट छान झाली असती. पण मग माझी जुनीच चूक नव्या कपड्यांत परत आली असती. ‘सगळं त्याच्याच आधाराने चालतं’ असं म्हणून मधल्या माणसांना गाळून टाकायचं, हीच ती चूक.

म्हणून एक गोष्ट सांगते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. ब्लेग्डाम हॉस्पिटलमध्ये श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण एकामागून एक येत होते आणि त्यांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ओळखलं, की रुग्ण मरताहेत ते साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. त्याने १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला, आणि ती वाचली. मग सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. दाब, सोड, दाब, सोड. दिवसरात्र, कित्येक आठवडे. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात बरेच जण तिथून मानतात.

माझं मशीन करतं ते हेच. त्या मुलांचे हात आता उशाशी डब्यात बसले आहेत, असं मला वाटतं. यमराज ज्या ‘दुसऱ्या’बद्दल बोलतात तो या हातांना वगळून माझ्यापर्यंत पोहोचला असता का? मला नाही वाटत. निदान माझ्या बाबतीत तरी तो नेहमी कुणाच्या तरी हातून आला आहे. इन्व्हर्टर बसवणारे काका, दर महिन्याला फिल्टर धुणारा भाऊ, मास्क निसटला की फुसफुस ऐकून पलीकडच्या खोलीतून उठून येणारी आई.

मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बंद पडला, कारण बॅटरीतलं पाणी मी बघितलं नव्हतं. दर आठवड्याला बघायचं कबूल केलं होतं. आई पहाटेपर्यंत मला टेकवून बसवून, पाठीवर हात ठेवून जागी राहिली. मी मनात नाम घेत होते. तेव्हा कळलं, की त्या रात्रीपुरतं माझं चुकलेलं नाम म्हणजे ते न बघितलेलं पाणी होतं. माझ्या विसरण्याची किंमत तिने जागून दिली.

आता संध्याकाळी जपाला बसण्याआधी मी दोन गोष्टी करते. इन्व्हर्टरचं पाणी बघते आणि मशीनच्या ह्युमिडिफायरमधलं पाणी बदलते. मग माळ घेते. आधी मला वाटायचं ही जपाची तयारी आहे. आता वाटतं, जप तिथेच सुरू होतो.

सगळं सुटलंय असं नाही. या महिन्याच्या रिपोर्टमध्ये माझे श्वास ६१ टक्क्यांवरून ४८ वर आले आहेत. वाईट वाटलं. रिक्षा घरी पोहोचेपर्यंत वाटत राहिलं. आईचं वय वाढतंय, ही भीतीही मशीनच्या बटणाने बंद होत नाही. त्या भीतीचं उत्तर मला मंत्रात अजून मिळालेलं नाही. भाऊ आणि मी मिळून एक वेगळी बॅटरी घ्यायचं ठरवलं आहे, आणि त्याला मास्क लावायला शिकवते आहे.

आजचा छोटासा संकल्प: आज रात्री झोपण्याआधी एक श्वास सावकाश घ्या आणि तो सोडताना ज्यांच्यामुळे तुम्ही आज इथवर पोहोचलात त्यांच्यापैकी एका माणसाचं नाव मनात घ्या. देवाचं नाव त्यानंतर घेतलं तरी चालेल. तो रागावणार नाही.

राम कृष्ण हरी.