रविवारचा हिशेब

मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 साली. या काळात धावणे ही महाराष्ट्रातल्या नोकरदार माणसाची हौस झाली आणि तिच्याबरोबर एक वेळापत्रकही रूढ झाले: आठवडाभर खुर्ची, जमलीच तर मध्ये एखादी धाव, आणि रविवारी ग्रुपबरोबर अठरा-वीस किलोमीटर. सहा दिवसांची उधारी एका सकाळी फेडायचा हा व्यवहार शरीराला मान्य नसतो. हौशी धावपटूची इजा बहुतेकदा एखाद्याच दिवसाच्या हावेतून येते, आणि धावण्याचा लाभ मात्र कितीतरी साध्या दिवसांतून साठत जातो. म्हणून सवय बांधायची तर ती मंगळवार-गुरुवारच्या अर्ध्या तासाभोवती बांधली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आठवड्याचे एकूण अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम धावणाऱ्यांत वर्षानुवर्षे सांगितला जातो. पण 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात नवख्या धावपटूंच्या एका गटाने चार मैलांच्या शर्यतीची तयारी 13 आठवड्यांत बेताबेताने केली, दुसऱ्याने 8 आठवड्यांत उरकली. इजा झालेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे 20 टक्क्यांच्या आसपासच निघाले. मग बिघडते कुठे? डेन्मार्कच्या संशोधकांनी सुमारे 5,200 धावपटूंच्या नोंदी 18 महिने तपासल्या. तो अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. मागच्या 30 दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखाद्या दिवशी 10 ते 30 टक्के जास्त धावणाऱ्यांत इजेचा धोका सुमारे 64 टक्क्यांनी अधिक आढळला. अंतर एकदम दुपटीच्या पुढे गेले तर धोकाही दुपटीहून अधिक. आठवड्याच्या बेरजेतल्या वाढीशी मात्र धोक्याचे असे नाते दिसले नाही. हा निरीक्षणांचा अभ्यास आहे, अंतिम निवाडा नव्हे; पण शरीराच्या घडणीशी तो जुळतो. दम काही आठवड्यांत वाढतो, टाचेमागची कंडरा आणि नडगीचे हाड बळकट व्हायला महिने लागतात. छाती तयार असते, पाय तयार नसतात, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर माणसाला आपण काहीही करू शकतो असे वाटू लागते. त्यात दुखणे अंगावर काढण्याचे आपल्याकडे कौतुक. पोटरी आठवडाभर ठणकत असताना रविवारचा खाडा न करणारा माणूस ग्रुपमध्ये जिद्दी ठरतो. खरे तर तो पुढचे दोन महिने गमावत असतो. आळंदीहून निघणारी पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, मग दिवे घाट चढून सासवडला जाते आणि तिथेही सहसा दोन रात्री राहते. सर्वांत कष्टाच्या मजलेच्या अलीकडे आणि पलीकडे विसावा, हे वारीला आधीच उमगलेले आहे.

मोठे धावपटू तर रविवारी लांबच धावतात, असा आक्षेप येईल. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांचेच उदाहरण पाहा. त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकले, आणि त्यांच्या सरावात रविवारी सुमारे 35 किलोमीटरची डोंगराळ फेरी असे. पण आठवड्याची बेरीज 160 किलोमीटरच्या घरात होती. म्हणजे रविवारचा वाटा साधारण पाचवा. आपल्या हौशी माणसाचा तो निम्म्याहून जास्त असतो. याच लिडियर्ड यांनी ऑकलंडमध्ये सामान्य माणसांना, हृदयविकार होऊन गेलेल्यांनाही, संथ धावायला लावले. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, ही त्यांची कसोटी आजही घड्याळातल्या आकड्यांपेक्षा भरवशाची आहे. मुंबईच्या दमट हवेत तर ती हवीच. घाम सुकत नाही, अंग तापत राहते, आणि डिसेंबरात सहज जमणारा वेग मे महिन्यात धाप लावतो. वेग टिकवण्यासाठी झगडणे तेव्हा निव्वळ चूक असते. संथ धावून वेग वाढतो का? पुरेसा वाढत नाही, थोडी जलद धाव लागतेच. पण संशोधक स्टीफन सायलर यांनी सहनशक्तीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा त्यांची पाचांतली चार सत्रे सोपी असल्याचे आढळले. हौशी माणूस मात्र रोजच अर्धवट जोरात धावतो. त्यात ना विश्रांती, ना खरा वेग.

शर्यत डोळ्यांसमोर नसेल तर पहाटे उठणार कोण, हा प्रश्न मला रास्त वाटतो. मेडलची ओढ खोटी नाही. पण जानेवारीत शर्यत आणि फेब्रुवारीत बूट कोपऱ्यात, असे दरवर्षी होत असेल, तर ती ओढ सवय घडवत नाही. गुडघ्यांच्या भीतीचे मात्र फार कौतुक नको. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत 3.5 टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के आढळले. ज्यांचे गुडघे चांगले तेच धावत राहतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तरीही बेताने धावल्याने सांधे झिजतात या समजुतीला त्यात आधार मिळत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि तो सर्वांना सारखा नाही. रात्री बारापर्यंत कामात असलेल्याने साडेचारचा गजर लावला, तर धावण्याची किंमत तो झोपेतून मोजतो, आणि अपुऱ्या झोपेवर केलेला सराव अंगी लागत नाही. कितीतरी घरांत पहाटेचा तास डब्यांचा असतो, आणि तो बाईच्या वाट्याचा असतो. दोन तासांच्या रविवारभोवती रचलेला खेळ तिला आपोआप बाहेर ठेवतो. अमेरिकेत 55,137 प्रौढांची सरासरी 15 वर्षे माहिती ठेवलेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटे, तेही सावकाश धावणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. तेव्हा आठवड्यातून तीनदा अर्धा तास ही कुणाची तडजोड नाही. तेवढा वेळ तिला मिळावा म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्या सकाळी कणीक मळायला हवी.