थोरलं मॉडेल, धाकटं मॉडेल

विजेच्या गाडीचं कौतुक आम्हा डोंबिवलीकरांना कुणी सांगू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची लोकल गेली. पुढे ती वीज कल्याणपर्यंत आली, आणि तेव्हापासून आजोबा, वडील आणि आम्ही असे सगळे विजेच्याच गाडीला लोंबकळत आलो आहोत. पण ही लोकल कोणत्या सालची, असं फलाटावर आजवर कुणी विचारलेलं ऐकिवात नाही. चौथी सीट मिळेल का, आणि ती नाही तर निदान एक पाय ठेवायला जागा आहे का, एवढाच सवाल.

गाडी स्वतःच्या मालकीची झाली की मात्र तिला साल चिकटतं. साल चिकटलं की तुलना आली, आणि तुलना आली की घरातली शांतता गेलीच म्हणून समजा.

आमच्या ओळखीत दोन भाऊ आहेत. थोरले डोंबिवलीला, धाकटे ठाण्याला घोडबंदर रोडवर. दोघांकडेही टाटांची विजेवरची नेक्सॉन. थोरल्यांची २०२० सालची, म्हणजे ती बाजारात आली त्याच वर्षीची. धाकट्यांची २०२४ ची. थोरलीची बॅटरी ३०.२ युनिटांची, धाकटीची ४५ युनिटांची. (युनिट म्हणजे लाइटबिलातलंच युनिट, घाबरू नका.) एका चार्जिंगमध्ये थोरली ३१२ किलोमीटर जाते आणि धाकटी ४८९, असं चाचणीचे आकडे सांगतात. आता चाचणीतले किलोमीटर हे लग्नाच्या पत्रिकेसोबत पाठवलेल्या उंचीसारखे असतात. गाडी कोणतीही असो, प्रत्यक्ष भेटीत थोडी कमीच भरते.

तरी आकडा तो आकडाच. सणावाराला दोन्ही कुटुंबं एकत्र जमली की श्रीखंडाच्या वाटीबरोबर तोही पानात वाढला जातो. "दादा, आता ती काढून टाक रे," धाकटे म्हणतात. "बाबा, काकांची बघा," थोरल्यांचे चिरंजीव म्हणतात. ह्यातलं दुसरं वाक्य जास्त लागतं, हे ज्यांना चिरंजीव आहेत त्यांना सांगायला नको.

वास्तविक धाकटी गाडी आली त्या दिवशी थोरलीचं काय कमी झालं? आदल्या दिवशी ती जेवढी जात होती तेवढीच दुसऱ्या दिवशीही गेली. डोंबिवलीहून ठाणं वीस-पंचवीस किलोमीटर. ३१२ चा आकडा निम्मा धरला तरी तीन वेळा जाऊन येता येईल. आणि शिळफाट्याची गर्दी पाहता एका आठवड्यात तीनदा जाऊन येणाऱ्या माणसाची बॅटरी नाही, प्रकृती तपासावी लागेल. म्हणजे कमी झालं ते समाधान. ते मोजायला गाडीत काटा बसवलेला नाही, म्हणून आपण किलोमीटर मोजतो.

पण 'जुनं ते सोनं' म्हणून हात झटकणंही प्रामाणिकपणाचं नाही. आपल्या भाषेनं 'जुनं ते सोनं' आणि 'नव्याचे नऊ दिवस' ह्या दोन म्हणी जुन्या मालाच्या मालकांसाठी खास करून ठेवल्या आहेत. नवा माल घरात आला की ह्याच माणसांना त्या आठवत नाहीत. रत्नागिरीला गावी जायचं तर थोरल्यांना वाटेत जास्त वेळ थांबावं लागतं, हे खरं आहे. वीज गेली तर धाकट्यांच्या गाडीतून पंखा चालवता येतो, हेही खरं आहे. नवं चांगलं आहे. प्रश्न एवढाच, की ते चांगलं कुणाच्या जिवावर झालं?

२०२० साली थोरल्यांनी गाडी घेतली तेव्हा सोसायटीच्या कमिटीनं चार्जिंगच्या सॉकेटला परवानगी द्यायला आठ महिने लावले. एका सभासदानं तर पावसाळ्यात सगळ्या इमारतीला शॉक बसेल अशी लेखी हरकत नोंदवली होती. आज त्याच इमारतीत असल्या चार गाड्या आहेत आणि त्या लेखी हरकतवाल्यांची त्यात एक आहे. घोडबंदरला धाकटे खाली उतरतात आणि प्लग लावतात. पहिल्या गाड्या रस्त्यावर उतरल्या, उन्हात तापल्या, गर्दीत रांगल्या, तेव्हा पुढच्यांत काय हवं ते कळलं. धाकट्या मॉडेलला थोरलं मॉडेल होतं. थोरल्याला कुणीच नव्हतं.

आपल्या घरांतून हेच चालत आलं आहे. थोरला बी.कॉम. होऊन बँकेत चिकटतो, म्हणून धाकटा इंजिनिअर होतो. मग आपण दोघांना शेजारीशेजारी उभं करून 'कोण पुढे गेला' म्हणून विचारतो. शर्यत एकच, पण एकानं ती खांद्यावर दुसऱ्याला घेऊन काढलेली, हे कुठल्या तक्त्यात लिहायचं?

गेल्या दिवाळीत चिरंजीव म्हणाले, "काका शहाणे. चार वर्षं थांबले आणि चांगली गाडी मिळवली." थोरले एरवी उत्तर देत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सगळेच थांबले असते तर थांबून काय मिळालं असतं?" हा प्रश्न मला ४८९ किलोमीटरांहून लांब पल्ल्याचा वाटला.

मात्र म्हणून थोरल्यांनीही उपकाराचं बिल फाडत बसू नये. 'आम्ही होतो म्हणून' हे वाक्य एकदाच शोभतं; दुसऱ्यांदा म्हटलं की ऐकणारा पाणी प्यायला उठतो. शिवाय देणं एकाच दिशेनं वाहत नाही. ब्रेकबरोबर वाया जाणारी ताकद बॅटरीत परत घ्यायची आणि ती किती घ्यायची हे स्वतः ठरवायचं, ही सोय मे २०२२ मध्ये मोठ्या बॅटरीच्या मॉडेलात आली. त्याच वर्षी जुलैत कंपनीनं जुन्या गाड्यांनाही ती फुकट शिकवायचं ठरवलं. धाकट्याकडून चार गोष्टी शिकायला थोरल्याला कमीपणा वाटू नये, एवढा समजूतदारपणा त्या यंत्राला होता. माणसांना तो सॉफ्टवेअरमधून घालता येत नाही, ही अडचण.

आणखी एक गंमत. २०२३ नंतरच्या मॉडेलातून दुसऱ्या विजेच्या गाडीला वीज देता येते. धाकट्यांनी परवा फोनवर सांगितलं, "दादा, कुठे अडकलास तर कळव. माझ्या गाडीतून देईन तुला."

"माझी अजून एकदाही बंद पडलेली नाही," थोरले म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग दहा मिनिटांनी पुन्हा लावला आणि त्यासाठी वायर कुठली लागते, ते विचारून घेतलं.