अंतर आकाशात, वेळ जमिनीवर

मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. या मार्गावर सर्रास दिसणारे एअरबस ए-३२० विमान एकदा उंची गाठली की ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. साधा भागाकार केला तर उत्तर दीड तासाच्या आत येते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. चढता-उतरताना वेग कमी असतो, हवाई मार्ग नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाहीत, वाराही कधी आडवा येतो, हे सगळे खरे. पण एवढ्याने तफावतीचा पूर्ण हिशेब लागत नाही. उरलेल्या मिनिटांचा अंतराशी संबंध नाही. ती गर्दीची मिनिटे आहेत.

वेळापत्रकातला काळ मोजला जातो तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीकडे सरकणे, उड्डाणासाठी रांगेत उभे राहणे, उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालणे, सारे त्यातच येते. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन असूनही एका वेळी वापर एकीचाच. दिल्लीत धावपट्ट्या चार, पण हिवाळ्यातले धुके तिथला क्रम विस्कटते. विमान कंपन्यांना हे ठाऊक असते आणि नेहमीचा उशीर त्या वेळापत्रकातच मुरवून टाकतात. त्यात ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांपर्यंत आलेले विमान वक्तशीर धरण्याची रीत. त्यामुळे रांगेत ताटकळलेले विमानही वेळेवर पोहोचल्याची नोंद होते. उशीर तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

यात गैर काय, असे कोणी विचारील. प्रवाशाला कधी पोहोचणार हे खात्रीने कळावे, पुढचे विमान चुकू नये, यासाठी थोडी सैल वेळ देणे शहाणपणाचेच आहे. प्रवाशाच्या सोयीपुरते हे मान्य. पण जी वेळ कंपनीने स्वतःच ठरवली, तिच्याच आधारे तिचा वक्तशीरपणा जोखला, तर कार्यक्षमता मोजली जात नाही. हवेतला काळ आणि जमिनीवरचा काळ वेगळे जाहीर केले, तर सोय टिकेल आणि दुखणेही लपणार नाही.

दुसरा आक्षेप असा की राजधानी एक्सप्रेसला हाच प्रवास करायला पंधरा तासांहून अधिक लागतात, मग अर्ध्या तासाची तक्रार कशाला? पण प्रवास विमानतळापासून विमानतळापर्यंत नसतो, घरापासून मुक्कामापर्यंत असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापासून दिल्लीचे अंतर जवळपास तेवढेच आहे. तरी पनवेलकराची दिल्ली जवळ आली आणि तेच विमान पकडायचे तर बोरिवलीकराची लांब गेली. शिवाय वेगाकडूनही आशा नाही. एअर इंडियाने १९६० मध्ये आणलेल्या बोइंग ७०७ पेक्षा आजची प्रवासी विमाने वेगवान नाहीत. वाचवता येतील ती मिनिटे धावपट्टीवर, रांगेत आणि विमानतळाच्या रस्त्यावरच आहेत. ती कुठे खर्च होतात हे लपवणारा आकडा जोवर आपण प्रवासाचा काळ म्हणून स्वीकारतो, तोवर ती वाचवण्याची निकड कोणालाच भासणार नाही.